भुजंगकाकांचं बांधकाम खातं

पूल पक्का की कच्चा, हे भुजंगकाका तंबाखूच्या डबीनं ठरवायचे. आम्ही पोरांनी लाकडी ठोकळ्यांचा पूल उभा केला की ते गुडघ्यांवर बसत, डबीची एसटी करत आणि तोंडानं घरघर आवाज काढत ती पुलावर घालत. "चला उदगीर, उदगीर!" पूल कोसळला की चष्म्यावरून बघत. "ठेकेदार कोन हाय रे ह्याचा?" आम्ही सगळे मुन्नाकडे बोट दाखवायचो. पूल पास व्हावा म्हणून मुन्नानं एकदा त्यांना मूठभर शेंगा दिल्या. काकांनी शेंगा खाल्ल्या आणि पूल नापास केला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. काका आदल्याच वर्षी तालुक्याच्या कचेरीतून रिटायर झालेले. "सरकारनं जरा उरकलं असतं, तर म्या जिल्ह्याचा कारकून झालो असतो की!" म्हणून मग त्यांच्या खोलीत, फरशीवर, रोज नवा जिल्हा उभा राहायचा. आज कलेक्टर कचेरी, उद्या पाण्याची टाकी.

खरं निमित्त दुष्काळाचं. आमच्या आया भर दुपारी टँकरच्या रांगेत उभ्या असत आणि पोरं उन्हात मागोमाग पळत. एकट्या राहणाऱ्या काकांनी गल्लीतली सगळी पोरं आत घेतली आणि दार लावलं.

ठोकळे अस्सल सागवानी. काकांचं गाव धरणात गेलं, तेव्हा घर उतरवून त्यांनी तुळया लातूरला आणल्या होत्या. भाड्याच्या खोलीत तुळया ठेवणार कुठं? सुतार म्हणाला, पलंग करू. काकांनी ठोकळे पाडून घेतले. लोक हसले.

त्या उन्हाळ्यात धरण आटलं. येणारे-जाणारे सांगायला लागले, "काका, तुमचं गाव वर आलंय की!" काका "हाव, हाव" म्हणत आणि विषय बदलत. त्यांना जायची भीती वाटत होती, हे आम्हा पोरांनाही कळायचं. शेवटी एकदाचे गेले. दुसऱ्या दिवशी बघतो तर उंबऱ्यावर वहाणांचा गाळ खरवडत बसलेले.

"घर सापडलं का?" मुन्नानं विचारलं.

"जोतं हाय बाबा. पन गाळ लई. आत जाताच आलं न्हाई."

मग ते स्वतःच फरशीवर बसले आणि ठोकळे ओळीनं मांडत गेले. ही ओसरी, हे माजघर, इथं चूल. दाराची जागा मोकळी सोडली. सगळी खोली भरून गेली. त्या दिवशी तपासणी झाली नाही.

इतक्यात आई पाण्याची घागर घेऊन मला न्यायला आली आणि दारातच थबकली. काकांकडे पाहिलं, ठोकळ्यांकडे पाहिलं. घागर खाली ठेवली, चपला काढल्या, पदर सारखा केला आणि त्या मोकळ्या जागेतून जरा वाकून आत आली. ओसरीवर बसली.

"ऐसपैस हाय घर, काका."

काका गडबडीनं उठले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणी कुणाला पाणी विचारत नसे. काकांनी माठ तिरपा करून तांब्या भरला. "उन्हाची आलीस माय. आधी पानी घे."

आईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि पाहुणीसारखी सावकाश सगळं पाणी प्यायली. निघताना भरली घागर तिथंच विसरली. मी आठवण करून द्यायला तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड गच्च दाबला.