बारा साबण, एक दाढी

“साठ? अहो, साठ वर्गणीदार मी पहिल्या तासाभरात गोळा करून दाखवतो!”

फ्रीडहेल्म ब्रोखनं टेबलावर अशी थाप मारली, की अकरा जणांचे बिअरचे अकरा पेले जागच्या जागी उडाले. वस्तरा मंडळाची वार्षिक सभा चालू होती. स्थळ नेहमीचंच, खानावळीची मागची खोली. जर्मनीतल्या सोलिंगेन शहरात चार-पाच पिढ्या वस्तरे घडवण्यात गेलेल्या. त्यामुळे ब्रश, साबण आणि उघड्या पात्यानं गाल गुळगुळीत करण्याचा छंद असणारी माणसं तिथं सापडणारच, आणि तीन माणसांचा छंद जुळला की मंडळ, नियमावली आणि इतिवृत्त होणारच.

फ्रीडहेल्म हा भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. त्याच्याकडे त्रेचाळीस वस्तरे होते, आणि त्यांच्याविषयी बोलायला त्याला एक जन्म पुरला नसता.

“निवडुंगवाल्यांचं त्रैमासिक निघतं!” तो म्हणाला. “खेळण्यातल्या आगगाड्यांवर चार-चार निघतात! बागेतल्या तळ्यांवर निघतं! मग आपल्या छंदावर का निघू नये?”

“निघेल. पण दुसऱ्या अंकात लिहिणार काय?” मंडळाचा अध्यक्ष ओटमारनं विचारलं. “साबण लावा, वस्तरा फिरवा, तोंड धुवा. संपलं!”

“पहिल्या अंकात बारा साबणांची शास्त्रशुद्ध चाचणी. दुसऱ्यात ब्रश. तिसरा अंक नुसता पाण्यावर!”

मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. ठराव असा, की नमुना अंक छापावा आणि सप्टेंबरातल्या शहराच्या मोठ्या बाजारात मांडावा. दिवसअखेर साठ वर्गणीदार झाले तर त्रैमासिक चालू. एक जरी कमी पडला तर कायमचं बंद, आणि मंडळाच्या पैशातून बोलिंगची सहल. विरोधातल्या दोघांना बोलिंग फार आवडायचं.

छापखान्याला मजकूर द्यायला बारा दिवस होते. बारा साबण, प्रत्येकाची तीनदा चाचणी, म्हणजे छत्तीस. फ्रीडहेल्मनं तक्ता आखला, पेन्सिलीला टोक केलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला तोंड एकच आहे!

“डाव्या गालाला एक, उजव्या गालाला एक,” न्याहारीला तो बायकोला म्हणाला. “बारा दिवसांत चोवीस झाले. उरलेले बारा संध्याकाळी उरकतो.”

विल्ट्रुडनं तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेलं. बोलायची तेही थेंब मोजून. “दाढीचे केस दिवसाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत,” ती म्हणाली. “छापखान्याची तारीख कळवलीस का त्यांना?”

कळवली नव्हती. संध्याकाळी गालावर काही नसायचंच, तरी फ्रीडहेल्म नेटानं वस्तरा फिरवत राहिला. चौथ्या दिवशी चेहऱ्याचं उकडलेलं बीट झालं. पाचव्या दिवशी तक्त्यात प्रत्येक साबणापुढे एकच शेरा पडत होता: आग होते!

“सगळेच्या सगळे साबण वाईट कसे निघाले?”

“साबणांची चाचणी मंगळवारीच संपली,” त्याला मलम लावता लावता विल्ट्रुड म्हणाली. “तेव्हापासून तू जखमेची घेतोयस.”

म्हणजे दुसऱ्यांचे गाल हवेत! फ्रीडहेल्म तडक मंडळात गेला, आणि तिथं त्याचे डोळे उघडले. वस्तरा मंडळाचे दहाही सभासद पहाटे उठून आपापली दाढी उरकून आलेले! एकेक गाल म्हणजे बिलियर्डचा चेंडू. सगळ्या मंडळाचे गाल खरवडून चहाचा चमचाभरही केस निघाले नसते.

“तीन दिवस दाढी करू नका रे,” तो काकुळतीला आला. “फक्त तीन दिवस!”

ओटमारनं हनुवटीवर हात ठेवला, जणू कुणी ती उसनी मागायला आलंय.

“फ्रीडहेल्म, छंदाच्या अंकासाठी आम्ही छंद सोडायचा?”

“तीन दिवस म्हणजे सोडणं झालं का?”

“आज तीन म्हणतोस. उद्या म्हणशील, मिशा ठेवा!”

केसांनी खरी श्रीमंत माणसं निघाली जवळचीच. त्याच खोलीत दर गुरुवारी दाढीवाल्यांचं मंडळ जमायचं. छातीवर रुळणाऱ्या, मेण लावलेल्या, टोकं वळवलेल्या दाढ्या! आणि त्यांत विल्ट्रुडचा सख्खा भाऊ राइनहोल्ड. एकवीस वर्षांत त्याच्या गालाला पातं लागलेलं नव्हतं. फ्रीडहेल्मनं त्याला कोपऱ्यात गाठलं.

“दाजी, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“अरे, हनुवटीखाली एक चौकोन. तीन सेंटिमीटर बाय तीन. तुला स्वतःला दिसत नाही, तिथं लोकांना काय दिसणार!”

“दुखेल?”

“गरम टॉवेल देईन. आणि त्याआधी वॅफल. गरम चेऱ्या घालून, वर मलई, बाजूला तांदळाची खीर.”

राइनहोल्ड खिरीपर्यंत टिकला, मग विरघळला. “एकच चौकोन हं, दाजी. एक!”

रविवारी दुपारी तीनला राइनहोल्डनं पाच वॅफल रिचवले, आरामखुर्चीत मान मागे टाकली, गरम टॉवेल तोंडावर आला आणि तो घोरायला लागला.

फ्रीडहेल्मनं पट्टी लावून चौकोन आखला. कात्रीनं केस आखूड केले. पहिल्या साबणाचा फेस केला, वस्तरा तीस अंशांत धरला आणि... काय सांगावं तुम्हाला! एकवीस वर्षं जपलेलं पीक ते! पातं असं गात चाललं, की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पहिला साबण: उत्तम. पण उत्तम कशाच्या तुलनेत? एका चौकोनावरून निष्कर्ष काढणं म्हणजे शास्त्राची थट्टा! त्यानं मधली जागा सोडून शेजारी दुसरा चौकोन आखला.

चार वाजता तो जबड्यावर होता. साडेचारला डाव्या गालावर. पाचला विल्ट्रुड बागेतून आत आली, तेव्हा तिच्या भावाच्या तोंडावर बारा चौकोन झाले होते. एक गुळगुळीत, मग एक केसाळ, पुन्हा एक गुळगुळीत. सोंगट्या मांडून बुद्धिबळ सुरू करायचं तेवढं बाकी!

तिनं वाकून चौकोनांच्या कडा तपासल्या. “आखणी सरळ आहे,” ती म्हणाली.

“आहे ना? आणि मधले जे केस ठेवलेत, ते तुलनेसाठी—”

“आता उठव त्याला. पण आधी तो वस्तरा माझ्याकडे दे.”

राइनहोल्डनं आरसा पाहिला आणि अशी आरोळी ठोकली, की शेजाऱ्यांचा कुत्रा घरात पळाला.

“एक चौकोन म्हणाला होतात!”

“एका साबणाला एक! आता साबण बारा होते त्याला मी—”

“सगळीच उतरवतो! आत्ताच्या आत्ता!” राइनहोल्ड न्हाणीघराकडे धावला आणि दारात थबकला. त्याचा चेहरा, जेवढा दिसत होता तेवढा, पडला. “नाही उतरवता येत. कलम सात.”

दाढीवाल्यांच्या नियमावलीत कलम सात असं होतं, की पूर्ण दाढी उतरवणाऱ्याचं सभासदत्व त्याच क्षणी संपतं. चौकोनांबद्दल नियमावली गप्प होती.

“आणि बाजारात आमच्या टेबलावर दहा ते चार माझी पाळी आहे!”

“मग बदलून घे ना.”

“दाजी,” राइनहोल्ड खोल आवाजात म्हणाला, “यादी मंजूर झालीय.”



बाजाराचा दिवस उजाडला. चौकोनांत आता खुंट उगवले होते, त्यामुळे मधले लांब झुपके जास्तच उठून दिसत होते. दोन्ही मंडळांची टेबलं शेजारी-शेजारी. फ्रीडहेल्मपुढे अंकांचा गठ्ठा, वर्गणीदारांची वही आणि नवंकोरं पेन. पहिल्या तासात सही झाली एक! ती छापखानेवाल्याची.

पण शेजारच्या टेबलापुढे गर्दी वाढत होती.

“अहो, हे काय झालं तुम्हाला?”

“कुणी केलं हे?”

राइनहोल्ड बोट उचलायचा आणि कोर्टात आरोपी दाखवावा तसा दाजींना दाखवायचा. लोक तसेच इकडे सरकायचे, अंक उचलायचे, बारा चौकोनांचा तक्ता पाहायचे आणि मान वळवून प्रत्यक्षाशी ताडून बघायचे.

सगळ्यांत जास्त रेंगाळले ते दाढीवाले! साखर बंद झालेला माणूस हलवायाच्या काचेपुढे उभा राहतो, तसे ते पानापानावर थांबत होते. त्यांचा अध्यक्ष एंगेलबर्ट, छातीभर पांढऱ्या दाढीचा धनी, एकच वाक्य तीनदा मोठ्यानं वाचत होता. “दाट फेस, थंड पातं, आणि मग गालावर वारा...” त्यानं डोळे पुसले आणि सही केली. “सव्वीस वर्षं झाली मास्तर. कसं वाटायचं तेच विसरलोय. निदान वाचतो तरी.”

मग सह्यांची रीघ लागली. चार वाजता वहीत अठ्ठावन्न नावं होती, आणि त्यांत वस्तरा मंडळाचं एकही नव्हतं!

“ओटमार, कर सही!” फ्रीडहेल्म अध्यक्षाच्या मागे धावला. “ठरावाला तर पहिला हात तुझा होता!”

“अंक निघावा म्हणून होता,” ओटमार म्हणाला. “मी वाचावा असं ठरावात कुठं लिहिलंय? आणि वाचू कधी? सकाळी तर दाढी करायची असते.”

बोलिंगवाल्या दोघांनी सहलीच्या बसचा विषय काढलासुद्धा.

तेवढ्यात चौकोन-चौकोनांच्या तोंडानं राइनहोल्ड आला, त्यानं वही ओढली आणि सही ठोकली. “एकोणसाठ. पण दाजी, कुठल्या साबणाचा चौकोन आधी भरून येतो, ते पुढच्या अंकात आलं पाहिजे. सध्या सातवा आघाडीवर आहे.”

फ्रीडहेल्मनं बाजारभर नजर फिरवली. टेबलं आवरली जात होती. तोच विल्ट्रुडनं हातातला कॉफीचा थर्मास खाली ठेवला, पेन घेतलं आणि औषधाच्या बाटलीवर लिहावं तशा सुबक अक्षरांत साठावं नाव लिहिलं.

“तू?” फ्रीडहेल्मनं वही छातीशी धरली. “विल्ट्रुड, तुला या विषयात एवढा रस असेल असं मला कधी—”

“बत्तीस वर्षं तोंडी ऐकतेय,” पेनाचं टोपण लावत विल्ट्रुड म्हणाली. “अंक मिटता तरी येतो.”