फुलसिंगचा डावा पाय नाही म्हणतो

फुलसिंग आडे बूट घ्यायला आला की आपल्या दोन्ही पायांचं मत वेगवेगळं घेतो. आधी उजव्या पायात बूट घालतो, डोळे मिटतो, बोटं आतल्या आत हलवतो आणि म्हणतो, "ह्यो तयार हाय." मग डाव्याची पाळी. डाव्याच्या वेळी त्याचा चेहरा पंचायतीला बसलेल्या माणसासारखा गंभीर होतो. बाकीची गिऱ्हाइकं खोळंबतात, मी ताटकळतो, आणि बऱ्याच वेळाने तो डोळे उघडून मान हलवतो.

"शेठ, डावा न्हाई म्हणून राहिला."

"काहून?"

"त्याचं त्याला ठाव. जबरदस्ती कशी करता?"

जवळा बाजार या गावात माझं पायताणांचं दुकान आहे. दुकान मला कोणी दिलेलं नाही. सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून मी प्लास्टिकच्या चपला विकत फिरलो, बाजारात गोणपाट अंथरून बसलो, आणि मग हे शटर लागलं. या धंद्यात मला फसवणारा अजून भेटलेला नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याच्या चालीवरून मी सांगतो, हा घेणार की नुसता पंख्याखाली बसायला आला. रागीट आहे असं लोक म्हणतात. आहे. पण हिशेबाने रागावतो. फुलसिंगने माझा तो हिशेबही बिघडवला, म्हणून त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. बाजारात सगळ्यांना सांगून झाली, आता तुम्ही ऐका.

फुलसिंग जवळच्याच तांड्यावरचा. शेतकरी माणूस, उंच, पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल. गेल्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा दुकानात आला आणि म्हणाला, "शिकारी बूट दाखवा."

मी म्हटलं, "कुणाची शिकार करतोस? फॉरेस्टवाले धरून नेतील."

"शिकार न्हाई. राखण. डुकरं येऊन राहिलीत रानात. हरभरा घाट्यावर यायच्या आत बूट पायजेत. घोट्याच्या वर येणारे. घोटा असा धरून ठेवणारे, जसं आई लेकराचं मनगट धरती."

आता असे बूट आमच्याकडे खपत नाहीत. आमच्याकडे खपते ती चप्पल. तरी मी नांदेडहून दोन-तीन प्रकार मागवले. गिऱ्हाइकाने मागितलं आणि माझ्याकडे नाही, हे मला सहन होत नाही.

पहिला जोड आला त्या दिवशी फुलसिंग पिशवी घेऊन आला. पिशवीत काय असेल, शेंगा असतील, असं मला वाटलं. त्याने ती माझ्या पांढऱ्या फरशीवर पालथी केली. आत काळी ढेकळं होती. त्याच्या रानातली. ती नीट पसरून त्यावर तो बूट घालून चालायला लागला. दुकानात एका नवरीच्या सँडल बघायला आलेल्या पाच बाया होत्या. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"अरे, हे दुकान आहे की वावर?"

"फरशीवर तर अनवाणी बी चालता येतं शेठ. बूट ढेकळावर कळतो."

मला खरं तर हे पटलं, पण पटलं असं गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं. मी झाडू त्याच्या हातात दिला. त्याने दुकान स्वच्छ झाडलं, ढेकळं पुन्हा पिशवीत भरली आणि जाताना म्हणाला, "डावा न्हाई म्हणला."

दुसऱ्या जोडाच्या वेळी तो बाभळीचा काटा घेऊन आला. बोटाएवढा लांब. भरल्या दुकानात त्याने तो बुटाच्या तळाला टोचला आणि अंगठ्याने दाबला. मी ओरडेपर्यंत काटा आरपार आत गेला होता. "ह्यो बूट देवळात जायचा हाय," तो म्हणाला, आणि बाजूचं गिऱ्हाईक हातातला जोड खाली ठेवून निघून गेलं.

तिसरा जोड जाड तळाचा होता. काटा वाकला, तळ तसाच राहिला. ढेकळांवर घोटाही हलला नाही. मी मनातल्या मनात बिल फाडलं. तेवढ्यात फुलसिंगने डोळे मिटले आणि चेहरा आंबट केला.

"इथं टोचून राहिलं. करंगळीच्या खाली. गाठीवर."

मी त्याचा पाय मांडीवर घेतला. हजारो पाय घेतलेत मी या मांडीवर. सपाट, फताडे, एकावर एक चढलेल्या बोटांचे, सगळे. फुलसिंगचा डावा पाय चांगला निघाला. टाचेच्या भेगा सोडल्या तर काचेच्या कपाटात शोभेला ठेवावा असा. करंगळीखाली मी अंगठा फिरवला.

"कुठे आहे गाठ?"

"हाय."

"अरे कुठे?"

"तुमाला नसंल लागत. हाय ती. आन् ह्यो घोटा आतल्या अंगाला वळतो. त्याला आतून टेकू पायजे."

घोटाही ठणठणीत होता. मी म्हटलं, "फुलसिंग, तुझ्या पायाला काही झालेलं नाही. तुझ्या डोक्याला झालंय."

त्याला राग येत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. माझ्यासारख्या माणसाला समोरच्याला राग आला की बरं वाटतं, सौदा पुढे सरकतो. तो नुसता हसला आणि पुढच्या बाजारी आला. त्याच्या पुढच्याही बाजारी आला. दर वेळी तोच जोड, तीच न दिसणारी गाठ, तोच न वळणारा घोटा. वर चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचा, "शेठकडं माल चांगला हाय, पण पायाला बसंल असं काही न्हाई." मला ते टपरीवाल्याने सांगितलं. दुकानदाराविषयी याहून वाईट काय बोलता येतं, मला माहीत नाही.

तिकडे हरभरा फुलावर आला. एका बाजारी तो आला तेव्हा पहिल्यांदाच मला थोडा घाबरलेला वाटला. "शेठ, घाटे धरायला लागले. आता डुकरं थांबत न्हाईत. काही तरी करा."

मी चिडून बूट उचलला, मागे गेलो आणि कामाला लागलो. गाठ आहे म्हणतोस ना, घे, करतो तिला जागा. तो म्हणाला त्याच जागी, करंगळीच्या खाली, आतून पाणी लावून कलबूत, म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ठोकलं. चामडं फुगवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकलं. आतल्या बाजूने घोट्याखाली जाड चामड्याचा टेकू शिवून घेतला. नसलेल्या आजारावर मी एवढं औषध कधी केलं नव्हतं.

पुढच्या बाजारी फुलसिंगने बूट घातला. माझ्या डोळ्यांदेखत त्या बुटाच्या बाजूला रिकामी जागा दिसत होती. करंगळीपाशी सुपारी मावली असती. टेकूमुळे पाय बाहेरच्या अंगाला कलत होता. ढेकळांवर तो बदकासारखा चालला. मग डोळे मिटून उभा राहिला, हात बुटात घालून त्या पोकळीत बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता.

"बराबर," तो म्हणाला. "बांधा."

माझं टाळकं फिरलं. मी त्याच्या पायातून बूट ओढून काढला. "नाही देत."

"काहून?"

"काहून काय? पाय डुलतोय तुझा आत. उद्या हे घालून बाजारभर फेंगडा फिरशील आणि सांगशील की शेठने दिले. माझ्या दुकानातून असा बूट बाहेर जाणार नाही. दुप्पट पैसे दिलेस तरी नाही."

माझ्या आयुष्यात गिऱ्हाईक घ्यायला तयार आणि मी द्यायला तयार नाही, असं कधी घडलं नव्हतं. आम्ही दोघं एकच बूट धरून बाकड्यावर ओढाताण करत होतो. शेवटी त्याने हात सोडला. इकडेतिकडे बघितलं. दुकानात कोणी नव्हतं.

"माझ्यासाठी न्हाईत," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं निघालं. धाकटा भाऊ मानसिंग. दोघांची शेतं एका बांधाची, दोघांच्या पायाचा नंबर एकच. लहानपणी मानसिंगच्या डाव्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं, हाड तिरकं जुळलं, करंगळीखाली गाठ राहिली आणि घोटा आत वळला. "मायनं मला बसवलं होतं शेकायला. गरम वीट फडक्यात गुंडाळून. रोज. ती गाठ मी अंधारात बी दावीन शेठ."

"मग भावालाच आणायचं ना दुकानात. माझ्या फरशीवर ढेकळं कशाला?"

"आमी बोलत न्हाई."

कारण ऐकून मला हसू आवरेना. दोन वर्षांपूर्वी फुलसिंगने डुकरांसाठी आपल्या शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या आणि सुतळी बॉम्ब वाजवले. डुकरं शहाणी. ती बांध ओलांडून मानसिंगच्या भुईमुगात गेली आणि रान नांगरल्यासारखं करून ठेवलं. मानसिंग बांधावर येऊन म्हणाला, "तू डुकरं माझ्या अंगावर सोडली." फुलसिंग म्हणाला, "डुकरं काय माझी हायेत?" बस. तेव्हापासून भाषा बंद.

"हसू नका शेठ. आता तो चप्पल घालून राखण करून राहिला. मागच्या साली डुकरामागं पळताना घोटा वळला, नाल्यात पडला. एकला. मी माझ्या बांधावरून बघून राहिलो, कव्हा उठतो म्हणून. हात द्यायला गेलो असतो तर त्यानं दगड मारला असता." त्याने खिशातून नोटा काढल्या. "माझ्या हातचं तो घेणार न्हाई. तुमी इका त्याला. बाजाराला येतोच. पैसे हे घ्या."

मी पैसे घेतले. दया वेगळी आणि धंदा वेगळा. मानसिंग जे देईल ते फुलसिंगला परत द्यायचं, असं ठरलं.

पुढच्या बाजारी फुलसिंग सकाळीच येऊन माझ्या मागच्या पडद्याआड खोक्यांमध्ये उभा राहिला. जा म्हटलं तर जाईना. "नुसतं बघतो," म्हणाला. दुपारी मानसिंग रस्त्याने जाताना दिसला. फुलसिंगसारखाच, पण बुटका आणि चेहऱ्यावर कायमची आठी. डावा पाय किंचित ओढत होता. मी पायरीवरून हाक मारली.

"मानसिंगभाऊ, या. एक जोड आलाय, बघून जा. घेऊ नका पाहिजे तर."

तो थांबला. "शेठ, तुमी फुकट पाणी बी पाजत न्हाई. काहून बोलावून राहिले?"

हा माझ्या जातकुळीचा गडी होता. स्वस्तात देतो म्हटलं असतं तर पळाला असता. म्हणून मी भाव सांगितला तो असा की ऐकून मलाच लाज वाटली. त्याने लगेच त्याच्या चौथ्या हिश्शाला मागितला. मी खोकं बंद केलं. तो दोन पायऱ्या उतरला. मी म्हटलं, "पायात तर घाला, नावं मग ठेवा." तो परत चढला. "माझ्या पायात न्हाई बसत काही. बसला न्हाई तर चहा पाजाल?" मी थोडा उतरलो, तो थोडा चढला. झकास चाललं होतं. खरं सांगतो, पैसे आधीच मिळालेत हे मी पार विसरलो होतो.

बाकड्यावर बसून त्याने डावा पाय बुटात घातला. शांत झाला. उभा राहिला, पुन्हा बसला. बुटात बोट घालून करंगळीखालची जागा चाचपली. मग टेकू चाचपला. मी घाईने म्हटलं, "कंपनी आता असेच बनवते. नवीन डिझाइन आहे."

"कंपनीला माझी गाठ ठाव हाय व्हय?"

मी पुढचं खोटं शोधत होतो तेवढ्यात तो नाडी बांधायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याची नजर बाकड्याखालून सरळ मागे गेली होती. माझा पडदा कापड वाचवून शिवलेला आहे, जमिनीपासून वीतभर वर. त्याखाली चपलेतले दोन पाय दिसत होते, कडेने डोकावणाऱ्या माणसासारखे आडवे, भेगाळल्या टाचांसकट. ते जागचे हलत नव्हते.

मानसिंगने नाडी सावकाश बांधली. दुसरीही बांधली. उठला. मी शेवटचा सांगितलेला भाव त्याने खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. उभ्या जन्मात माझा सांगितलेला भाव कोणी असा दिला नव्हता. आणि नेमके तेच पैसे माझे नव्हते.

जुन्या चपला त्याने पिशवीत टाकल्या. पायरीशी गेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडद्यामागं जो कोणी हाय, त्याला सांगा. टाचांना भेगा लई पडल्यात. रक्त निघंल. तेल लावत जाय म्हणावं."

आणि गेला. मटकीच्या ढिगांमधून, गर्दीतून, सरळ चालत.

पडदा हलला. फुलसिंग बाहेर आला. "वळला का घोटा?"

"नाही."

"मी बी बघितलं. न्हाई वळला." मी भावाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. ते न मोजता तो खाली उतरला.

संध्याकाळी मी शटर ओढायच्या आधी चहाला निघालो तर समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर फुलसिंग बसलेला. चपला बाजूला, खोबरेल तेलाची बाटली उघडी, आणि भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात पाय पसरून, तो आपल्या टाचांना तेल चोळत होता. एक टाच झाली की दुसरी. दुसरी झाली की पुन्हा पहिली.