गुरुवारची शर्यत आणि वीस हात मागचे काटे

एका जंगलात वाघ होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्या जंगलांत असतो. पण या जंगलात बारा सायकली होत्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते मी सांगतो. नीट बसा. ज्यांना दाढी फुटली आहे त्या बाळांनीही मांडी घालून बसा. ज्यांना पोटामुळे मांडी घालता येत नाही त्यांनी पाय पसरले तरी चालेल, पण जांभया देऊ नका.

तर पूर्वी या जंगलातले प्राणी एकमेकांच्या मागे धावायचे. एक जेवणासाठी धावायचा, दुसरा त्याचं जेवण होऊ नये म्हणून धावायचा. दोघांची तब्येत ठणठणीत. पुढे सुधारणा झाली. खाणं घरपोच यायला लागलं. कोण पोचवायचं ते विचारू नका, गोष्ट लांबेल. सगळ्यांची पोटं सुटली. मग सगळ्यांना तब्येतीची काळजी वाटायला लागली आणि त्यांनी 'सायंकाळ सायकल मंडळ' काढलं. दर गुरुवारी संध्याकाळी शर्यत.

या प्राण्यांना आडनावंही होती. कोल्ह्याचं कोल्हे, लांडग्याचं लांडगे, रानडुकरिणीचं डुकरे. तुमच्यापैकी कुणाचं असलं आडनाव असेल तर रागावू नका, बाळांनो. त्यांनी तुमच्यावरूनच घेतलं असेल.

कोल्हे मंडळाचे सेक्रेटरी होते. नियम करणं, नियम वाचून दाखवणं आणि निकाल लिहिणं ही तीन कामं त्यांनी स्वतःकडे घेतली होती. दमायचं काम तेवढं बाकीच्यांना वाटून दिलं होतं.

लांडग्यांची सायकल जंगलात सगळ्यात हलकी. ते ती करंगळीवर उचलून दाखवायचे. रोज दाखवायचे. लांडग्यांना कुणी उचलून बघितलं नव्हतं.

सगळ्यांनी अंगाला चिकटणारे कपडे शिवून घेतले होते. देवानं ज्यांना जन्मतः कातडं दिलंय त्यांनी त्यावर दुसरं कातडं चढवलं, आणि मग दोन्हींच्या मधे अडकलेलं पोट आत ओढून फोटो काढला.

शिवाय प्रत्येकाच्या हँडलवर एक पोपट बसवलेला असे. किती वेगानं चाललोय, किती किलोमीटर झाले, ते पोपट ओरडून सांगायचा. पोपटानं सांगितलं तरच ते अंतर झालं असं धरायचे. एकदा एका सशाचा पोपट वाटेत झोपला, तर सशाला तो सगळा रस्ता पुन्हा मारावा लागला.

आता या शर्यतीतली मुख्य गंमत ऐका. सायकलवर सगळ्यात पुढे जो असतो त्याला वारा लागतो. त्याच्या पाठीला चिकटून जो असतो त्याला लागत नाही. याला ते 'चाक धरणं' म्हणायचे. पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांत वीतभर अंतर ठेवायचं, मान खाली घालायची, आणि त्या चाकाकडे बघत राहायचं. रस्ता बघायचा नाही. रस्ता पुढचा बघतो. पुढचा त्याच्या पुढच्यावर सोपवतो.

म्हणून बाराजणांत पुढे जायला कुणीच तयार नसे. "तुम्ही व्हा पुढे." "छे, तुम्हीच व्हा, तुमचा मान." एवढी सभ्यता त्या जंगलात दुसरीकडे कुठेही नव्हती.

या बाराजणांत एक साळिंदर होतं. त्याचं नाव काटे. स्वभावानं गरीब, पाठीनं वाईट. काटे कुणाच्या पुढे असले तर मागच्याला त्यांचं चाक धरता येत नसे. वीतभर अंतरावरून साळिंदराकडे बघत बसायची कुणाची छाती आहे? म्हणून कोल्ह्यांनी नियम सात केला. 'काटे यांनी सर्वांच्या मागे, वीस हात अंतर ठेवून सायकल चालवावी. सर्वांच्या सुरक्षिततेसाठी.'

"पण मग माझा नंबर?" काट्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काटे, आपण तब्येतीसाठी चालवतो," कोल्हे म्हणाले. "नंबरात काय आहे?"

शर्यत डुकरेमावशींच्या चहाच्या टपरीसमोर संपायची. टपरीवर चुन्यानं पांढरी केलेली एक मोठी फळी टांगलेली होती. निकाल तिच्यावर जांभळाच्या रसानं लिहायचे. लिहायला काय? मोर पीस देत नसे. म्हणे फोटोत पिसारा विरळ दिसतो. मग कोल्हे दर गुरुवारी गोड आवाजात हाक मारायचे, "काटे, एक काटा द्या हो!" काटे पाठीतून एक उपटून द्यायचे. डोळ्यांत पाणी यायचं. कोल्हे तो रसात बुडवून सुंदर अक्षरात पहिल्या अकराजणांची नावं लिहायचे, आणि सगळ्यात खाली लिहायचे, 'आणि इतर'.

इतर म्हणजे एकटे काटे. तरी बहुवचन. तेवढाच मान.

अशी नऊ वर्षं झाली. दर गुरुवारी काटे घरी गेले की काटेवहिनी विचारायच्या, "नाव लागलं का हो?" आणि काटे म्हणायचे, "लागलंय. खालच्या अंगाला आहे."

एका गुरुवारी मात्र वहिनींनी शर्यतीआधीच गाठलं.

"उद्या सकाळी आप्पा येतायत."

आप्पा म्हणजे वहिनींचे वडील. जंगलापलीकडच्या माळावर राहायचे. लिहिता-वाचता येणारं म्हातारं साळिंदर. दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय.

"येऊ देत की," काटे म्हणाले.

"मी त्यांना कधीचं सांगितलंय, ह्यांचं नाव फळीवर असतं म्हणून. ते म्हणतायत, आधी फळी बघू, मग चहा घेऊ."

काट्यांचा टायरमधे हवा भरणारा हात थांबला. "अगं, पण तू असं का सांगितलंस?"

"तुम्ही मला सांगितलंत तेच मी सांगितलं. का? नसतं का नाव?"

"असतं असतं," असं म्हणून काटे निघाले. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले होते. एकदा, फक्त एकदा, कोल्ह्यांच्या अक्षरात ती दोन अक्षरं पडायला हवी होती. अकरावी पडली तरी चाललं असतं.

सुटायच्या जागी त्यांनी कोल्ह्यांना बाजूला घेतलं. "कोल्हेसाहेब, आजच्या दिवस मला अकरावा येऊ द्याल का? ससा काही बोलणार नाही, मी त्याला गाजरं देईन."

"काटे, काटे," कोल्हे हळहळले. "माझी ना नाही हो. पण नियम आडवा येतो."

"नियम तुम्हीच केलाय."

"म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं."

शर्यत सुटली. त्या संध्याकाळी समोरून असा वारा होता की झाडं मागे वळून बघत होती. पुढे व्हायला कुणी तयार होईना. जो चुकून पुढे आला तो लगेच पायडल थांबवून बाजूला झाला. वेग उतरत गेला. हँडलवरचे पोपट ओरडत होते, "अठरा! चौदा! नऊ!" शेवटी तर पोपटांनाच लाज वाटली आणि ते गप्प झाले.

रस्त्याच्या कडेनं एक कासव चाललं होतं. ते बरोबरीनं चालता चालता हळू आवाजात म्हणालं, "कोण गेलं हो?"

"शर्यत आहे!" लांडगे भडकले.

"असं होय," कासव म्हणालं आणि घाईत होतं म्हणून पुढे निघून गेलं.

एवढ्यात बाजूच्या पायवाटेवरून एक सायकल रस्त्यावर आली. गाढवे दूधवाले. संध्याकाळचं दूध घालून घरी परत निघाले होते. जुनी काळी सायकल, दोन्ही बाजूंना दोन मोठे रिकामे कॅन, वर गाढव्यांची रुंद पाठ. एवढा आडोसा जंगलात वाघाच्या गुहेलाही नव्हता. आणि गाढव्यांना घरी जायचं होतं, त्यामुळे वाऱ्याबिऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मारत होते पायडल.

"धरा! चाक धरा!" लांडगे ओरडले.

अकराजण एकामागोमाग एक गाढव्यांच्या मागे लागले. माना खाली गेल्या. डोळे पुढच्या चाकावर. पोपटांना पुन्हा कंठ फुटला. "वीस! बावीस! पंचवीस!"

"आहाहा!" कोल्हे म्हणाले. "याला म्हणतात शिस्त!"

पुढे आंब्याचा फाटा आला. शर्यतीचा रस्ता उजवीकडे, टेकडीला वळसा घालून टपरीकडे. गाढव्यांचं घर डावीकडे. गाढवे डावीकडे वळले. लांडगे वळले. कोल्हे वळले. मागून सगळे वळले. कुणी मान वर केली नाही.

वीस हात मागे काटे होते. त्यांच्यापुढे कुणाचं चाक नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांना नाइलाजानं रस्ता बघावा लागायचा.

"अहो, चुकलात!" काटे ओरडले. "उजवीकडे! उजवीकडे!"

"काटे, अंतर ठेवा!" कोल्ह्यांनी मागे न बघताच उत्तर दिलं. "नियम सात!"

काट्यांनी फाट्यावर एक पाय टेकला. डावीकडे मंडळ, उजवीकडे शर्यत. डावीकडे गेलं तर नियम पाळला जाणार होता आणि ते गाढव्यांच्या गोठ्यातसुद्धा इतर ठरणार होते. मग त्यांना डोळ्यांसमोर उद्या माळावरून येणारे आप्पा दिसले. आप्पा फळीसमोर उभे आहेत आणि मोठ्यानं वाचतायत.

काटे उजवीकडे वळले.

बाळांनो, तो वारा मी काय सांगू! पुढे आडोसा नाही, मागे कुणी 'शाबास' म्हणायला नाही, हँडलवर पोपटसुद्धा नाही, कारण पोपट काट्यांच्या जवळ बसायला तयारच नसत. टेकडीवर तर काटे सायकलवर बसलेत की सायकल काट्यांवर, हे कळेना. पण पोचले. डुकरेमावशी भजी तळत होत्या. त्यांनी झारा हातात धरूनच वर बघितलं.

"काटे? आणि बाकीचे?"

"मागे आहेत," काटे म्हणाले. नऊ वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. इतकं गोड लागलं की परत म्हणाले. "मागे आहेत सगळे."

तिकडे काय झालं ते ऐका. गाढव्यांच्या घराचं फाटक दिसताच लांडग्यांना वाटलं, आली रेषा. त्यांनी गाढव्यांच्या पाठीमागून उसळी मारली आणि दोन्ही हात वर करून गोठ्यात शिरले. त्यांच्यावर कोल्हे, कोल्ह्यांवर बाकीचे. खाली शेण होतं, म्हणून कुणाला लागलं नाही.

गाढवेकाकू बादली घेऊन बाहेर आल्या. "कोण आलंय एवढं?"

"मला काय माहीत?" गाढवे म्हणाले. "फाट्यापासून मागे लागलेत. उधारीवर दूध पाहिजे असेल."

अंधार पडता पडता अकराजण टपरीवर आले. काट्यांचा तिसरा चहा चालला होता. कोल्ह्यांनी अंगावरचं शेण झटकलं, घसा साफ केला आणि सभा भरवली.

"पहिला प्रश्न," ते म्हणाले, "काटे शर्यत अर्धवट सोडून इथे लवकर येऊन का बसले?"

"अहो, मी शर्यत पुरी केली!"

"पोपटांना विचारू. आमचे किती झाले?"

"सव्वीस!" अकरा पोपट ओरडले.

"शर्यत वीसची होती. म्हणजे आम्ही सहा किलोमीटर जास्तच मारले. आणि काट्यांचे? पोपटच नाही! म्हणजे शून्य."

"अगं बाई!" डुकरेमावशी म्हणाल्या. "मी डोळ्यांनी बघितलं की ते पहिले आले. चहा घेतला, दोन प्लेट भजी खाल्ली, तरी तुमचा पत्ता नाही."

"मावशी, तुमच्या डोळ्यांबद्दल आदर आहे," कोल्हे म्हणाले, "पण ते आकडा सांगत नाहीत. शिवाय नियम सात मोडला. सगळ्यांच्या मागे राहायचं सोडून हे एकटेच बरोबर रस्त्यानं गेले. उद्या सगळेच असं करायला लागले तर मंडळ टिकेल का?"

"नाही टिकणार!" अकराजण म्हणाले. आणि ते खरंच होतं.

"तर निकाल. पहिले लांडगे. काय तो गोठ्यातला शेवटचा झटका! दुसरा मी. मग बाकीचे. आणि शेवटी नेहमीप्रमाणे..." कोल्ह्यांनी न बघताच हात पुढे केला. "काटे, एक काटा द्या हो!"

काट्यांनी काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी त्या काट्याकडे बघितलं. मग कोल्ह्यांच्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलं. नऊ वर्षांत हे दोन्ही एकदम कधी बघितले नव्हते.

"द्या की," कोल्हे म्हणाले.

"नको," काटे म्हणाले. "मीच लिहितो."

"अहो, निकाल सेक्रेटरी लिहितो!"

"मग सेक्रेटरींनी स्वतःच्या पाठीतून काढावा."

कोल्ह्यांनी स्वतःच्या पाठीकडे बघितलं. तिथे नुसतं शेण होतं. लांडगे काट्यांचा हात धरायला पुढे सरसावले, पण काट्यांनी फळीकडे तोंड केलं, म्हणजे आपोआपच पाठ सगळ्यांकडे झाली. अकराजण झटकन वीस हात मागे सरले. नियमच होता तसा.

काट्यांनी काटा रसात बुडवला आणि सावकाश, अक्षर जरा तिरकं येत होतं तरी, दोन ओळी लिहिल्या.

सकाळी आप्पा आले. चष्मा पुसला. मोठ्यानं वाचलं.

"प्रथम क्रमांक, काटे. आणि इतर." आप्पांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवायचा विचार केला आणि सोडून दिला. "वा! पण हे इतर कोण हो?"

"असतात काहीजण," काटे म्हणाले. "तब्येतीसाठी चालवतात."

पुढच्या गुरुवारी काटे टपरीवर चालत आले. सायकल आणलीच नाही. डुकरेमावशींच्या बाकावर बसून त्यांनी भजी खाल्ली. अकराजण घामाघूम होऊन आले, तेव्हा फळीवरचा रस वाळला होता. प्रथम क्रमांक, काटे. आणि इतर.

कुणी सभा भरवली नाही. उलट लांडगे जवळ येऊन, म्हणजे वीस हातांवर येऊन, हळूच म्हणाले, "काटेसाहेब, दुसरी ओळ जरा फोडून लिहिता आली तर बघा ना. माझ्या घरी विचारतात."

"माझी ना नाही हो," काटे म्हणाले. "पण नियम आडवा येतो."

असं ऐकतो की काट्यांना आता बरंच पोट सुटलंय. पण गेल्या कित्येक गुरुवारांत त्यांना कुणी हरवू शकलेलं नाही.

तात्पर्य: बाळांनो, रोज व्यायाम करावा, वाऱ्याला तोंड द्यावं, बरोबर रस्ता सोडू नये. पण हे सगळं एकदाच, काटा आपल्या हातात येईपर्यंत. त्यानंतर नुसतं अक्षर सुधारलं तरी पुरतं.