छबीची मानसिक प्रगती

अमळनेरच्या पशुहित उपविभागाचे साहेब सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला निघाले, तेव्हा त्यांनी कार्यालयाचा कारभार कोणाकडेही सोपवला नाही. तो कोणाकडे नसला तरी चालत असे. त्यांची मांजर मात्र वरिष्ठ लिपिक रतिलाल भावसार यांच्या घरी रीतसर सोपवण्यात आली. मांजरीचं नाव छबी. सोबत बाईसाहेबांच्या टंकलिखित सूचना होत्या: घरात बसून मांजर कंटाळते, कंटाळलेले मांजर मनाने खचते, सबब दिवसातून चार वेळा त्याची करमणूक करून बुद्धीस चालना द्यावी.

नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. रतिलालभाऊंच्या दूर सातपुड्यातल्या धडगावच्या बदलीचा कागद साहेबांच्या खणात पडून होता. बायको सुमनबाई अमळनेरातच शिक्षिका, मुलगी दहावीला. बदली झाली तर घराचे दोन तुकडे होणार होते. ती थांबवा म्हणून भाऊंनी साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. "बघू," असं साहेब म्हणाले होते, आणि म्हणताना छबीकडे बघत होते.

पहिल्या दिवशी भाऊंनी खरोखर घाम गाळला. कापसाचं बोंड दोरीला बांधून नाचवलं, केळीच्या वाळक्या पानांत शेंगदाणे दडवले, स्वतः पलंगाखाली शिरून म्यांव केलं. छबीने एक डोळा उघडून भाऊंची एकंदर पात्रता पाहिली आणि तो दिवसभरासाठी मिटून घेतला.

"बठ्ठा दिन झोपेल शे ती," सुमनबाई म्हणाल्या. "तिले उठाडीसन नाचवू का आते?"

"तिचं सोड," भाऊ म्हणाले, "वहीत काय लिहू ते सांग."

कारण वही उघडून झाली होती. दिनांक, वेळ, करमणुकीचा प्रकार, मांजराची प्रतिक्रिया. बावीस वर्षांच्या नोकरीत भाऊंनी प्रतिक्रियेचा रकाना कधी कोरा सोडला नव्हता, आणि त्यात 'समाधानकारक' याखेरीज दुसरा शब्दही लिहिला नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रघातानुसार पुढच्या सहा आठवड्यांचे रकाने भरून टाकले आणि निवांत जेवले.

पण साहेबांनी पुण्याहून साप्ताहिक अहवाल मागवला. अहवाल म्हटला की प्रगती आली. दुसऱ्या आठवड्यात छबी रंग ओळखू लागली. चौथ्या आठवड्यात ती हाक मारल्यावर रांगेत बसू लागली. एकटं मांजर रांगेत कसं बसतं, असं वर कोणी विचारलं नाही. पाचव्या आठवड्यात ती प्रश्न विचारल्यास उत्तरापूर्वी विचार करत होती. छबी या काळात झोपलेली होती.

साहेबांनी हे अहवाल प्रशिक्षणात मोठ्याने वाचले. वरिष्ठ भारावले. दोन महिन्यांत 'घरगुती मार्जार मनोविकास योजना' निघाली, प्रत्येक तालुक्याला चारशे मांजरांचं उद्दिष्ट मिळालं. एकट्या धडगावचं काम शून्य होतं. सबब या क्षेत्रातले तज्ज्ञ म्हणून रतिलाल भावसार यांची तिथे तातडीने बदली करण्यात आली.

भाऊ हुकूम घेऊन धावत साहेबांकडे गेले. "साहेब, खरं सांगतो, मांजर झोपूनच होतं. मी आपला बसून लिहिलं सगळं."

साहेबांनी उठून दार लावलं. "भावसार, हे आत्ता सांगता? अहवाल वर सादर झालाय. आता मांजर जागंच होतं." मग जरा विरघळून म्हणाले, "चारशे पूर्ण करा, त्याच दिवशी परत बोलावतो."

धडगावला पाड्यावरच्या वेस्ता नावाच्या शेतकऱ्याने भाऊंना अंगणात खाट टाकून दिली, योजना पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "साहेब, आमची मांजरं रिकामी नसतात. उंदीर फार आहेत." त्याने सहीच्या कागदाला हातही लावला नाही. दुसऱ्या पाड्यावर बुधीबाईने कागद वाचून दाखवायला लावला, आणि घरात जे होत नाही त्यावर अंगठा कसा देऊ, असं विचारलं. महिनाभरात एकही मांजर वहीत आलं नाही. मुलीचं पत्र आलं, "आबा, परीक्षेला तरी याल ना?" भाऊ ते वाचून ढसाढसा रडले.

मग त्यांनी आदेश पुन्हा वाचला. लाभार्थी तालुक्यातलाच हवा, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. सुमनबाईंच्या शाळेत कुठल्याशा ग्रंथयोजनेची यादी पडून होती: राज्यभरातले चारशे सुशिक्षित मराठी वाचक, पत्त्यांसह. भाऊंनी प्रत्येकाला जोडकार्ड, म्हणजे उत्तराचं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, धाडलं. उत्तराच्या कार्डावर छापलं होतं: 'माझ्या घरातील मांजराची या योजनेतून रोज चार वेळा करमणूक होते. वरील मजकूर वाचून, समजून सही करीत आहे.'

कार्डं टाकली आणि मग भाऊंच्या लक्षात आलं. ही वाचणारी माणसं. एकाने जरी 'आमच्याकडे मांजर नाही' असं कळवलं, तरी नोकरी गेली.

पंधरा दिवसांत चारशेच्या चारशे कार्डं सह्या होऊन परत आली. तिघांनी योजनेत नसलेला दुधाचा कोटा कधी सुरू होणार, असं विचारलं होतं. एकाने शेजाऱ्याच्या मांजराला झुकतं माप मिळत असल्याची तक्रार केली होती.

रतिलालभाऊ परीक्षेच्या आधी अमळनेरला पोचले. तुम्ही हसताय, हसा. तुमचं कार्डही त्या गठ्ठ्यात आहे. सही पडताळून पाहिली, तुमचीच आहे.