तात्पुरते परबदादा

परबदादांनी सव्वीस वर्षांत भिंतीत एकही खिळा ठोकलेला नाही. त्यांच्याकडे कॅलेंडर खुर्चीवर बसतं आणि ते स्वतः उभे राहतात. कारण विचारलं की म्हणतात, “आपण इथे तात्पुरते रे.”

लालबागची आमची चाळ पडायला आली, तेव्हा सरकारने सगळ्यांना काळाचौकीच्या संक्रमण शिबिरात आणून ठेवलं. दोन वर्षांसाठी. माझी बारावी, नोकरी, लग्न आणि टक्कल, चारही गोष्टी त्या दोन वर्षांतच झाल्या.

दादा गिरणीत टाइमकीपर होते. गिरणी गेली, शिट्टी राहिली. नळाला पाणी आलं की एक शिट्टी, टँकर आला की दोन, सरकारी साहेब आला की तीन. तीन फारशा ऐकू येत नाहीत. सकाळी संडासाची रांग अजून जुन्या चाळीतल्या खोल्यांच्या नंबरानेच लागते, तळमजला आधी. जी चाळ केव्हाच जमीनदोस्त झाली, तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहिल्याची शिक्षा मी रोज पोट धरून भोगतो.

एकदा साहेब पाहणीला आले. दादांनी त्यांना राजवाडा दाखवावा तसं शिबिर दाखवलं. “हे आमचं स्वच्छतागृह. दारं चार. त्यातलं एक रजेवर आहे.”

साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

“राहू द्या, साहेब. आम्हालाही सवय व्हायला सात वर्षं लागली.”

आता चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. घर मिळायला जुनी भाडेपावती हवी. दादांनी घरोघरी ट्रंका उपसायला लावून प्रत्येकाची फाइल स्वतः लावली. आम्ही सगळे पात्र ठरलो. अपात्र ठरले दोघंच. एक त्यांच्या शेजारच्या, त्यांना नावाने ‘दत्ता’ म्हणणाऱ्या सावंतमाई. त्यांच्या पावत्या पुरात गेल्या. दुसरे खुद्द दादा.

“तुमची पावती कुठे गेली?” मी विचारलं.

“हरवली.”

ज्या माणसाकडे गिरणीचा शेवटचा हजेरीपटही जपून ठेवलेला आहे, त्याची पावती हरवावी, हे मला पटेना. मी कचेरी गाठली. तिथला कारकून वैतागला होता. “तुमचे परब काय माणूस आहेत? पावती जमा केली होती. त्या सावंतमाईंचं नाव यादीत नाही हे कळल्यावर अर्ज करून परत घेऊन गेले.”

भांडायच्या तयारीनेच मी त्यांच्या दारात पोचलो. दादा शेजारी माईंच्या खोलीत होते. माईंना आता दिसत नाही. कचेरीचं पत्र दादा त्यांना वाचून दाखवत होते, आणि ‘अपात्र’ हा शब्द वगळून ते पत्र बरंच सुरेख झालं होतं.

“विचार चालू आहे म्हणतात, माई.”

“आणि दत्ता, पुढे काय लिहिलंय?”

पत्र संपलं होतं. दादांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

“पुढे लिहिलंय,” ते म्हणाले, “तोवर शेजारी बदलणार नाही.”