अक्का कॉम्प्युटरवर

खरं म्हणजे त्या रविवारी गिरीधरने चहा पिऊन मुकाट्याने उठायला हवं होतं. येलहंक्याहून बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला परतायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, बाहेर मळभ, आणि घरात त्याहून जास्त. पण निघताना काहीतरी बरं बोलून निघावं, अशी त्याला सवय होती. आजवर त्याची जी जी फजिती झाली, ती सगळी या निघतानाच्या बोलण्यानेच झाली होती.

समोर नरसिंगराव बसले होते. गिरीधरच्या थोरल्या बहिणीचे, पुष्पावती अक्काचे यजमान. अक्का जाऊन वर्ष होत आलं होतं. ती होती तेव्हा त्या घरात दुसऱ्या कुठल्या आवाजाला जागाच नव्हती. सकाळी दूधवाल्यापासून तिची सुरुवात व्हायची आणि रात्री देवाला दोन शब्द सुनावूनच ती थांबायची. नरसिंगराव चिकपेठेतल्या कापडाच्या दुकानातून येत, खुर्चीत बसत आणि मान हलवत. एवढंच काम त्यांच्याकडे होतं, आणि आता तेही गेलं होतं.

"घरात आवाज नाही रे, गिरी," ते म्हणाले. "चेहरा आठवतो, भिंतीवर फोटो आहे. पण आवाज पुसट होत चाललाय. काल किती आठवलं, ती मला हाक कशी मारायची ते. नाहीच आठवलं."

यावर कुणीही शहाणा माणूस गप्प राहिला असता.

"भावोजी, आमच्या लग्नाची कॅसेट आहे की!" गिरीधर म्हणाला. "तुम्हीच नाही का हट्टाने व्हिडिओवाला आणला होता? अक्काने मंगलाष्टकं म्हटलीत त्यात. वर्षश्राद्धाला ऐकवतो तुम्हाला."

नरसिंगरावांनी मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

घरी आल्यावर गिरीधरच्या बायकोने, वाणीने, कपाटावरून कॅसेट काढली. आत फितीवर पांढरी बुरशी चढली होती. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याने, डॉक्टर जीभ बघतात तशी, ती उघडून पाहिली.

"एकदा चालेल, सार. दुसऱ्यांदा स्वल्प कष्ट."

(बंगळूरमध्ये 'स्वल्प कष्ट' म्हणजे अशक्य. इथे जन्म काढलेल्या गिरीधरला ते समजावून सांगावं लागलं नाही.)

तेव्हा ठरलं, की कॅसेट एकदाच लावायची आणि ती चालू असतानाच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची. कॉम्प्युटर नुकताच मुलीच्या, सुखदाच्या, अभ्यासासाठी घेतला होता. (त्यावर अभ्यास सोडून सगळं चालायचं.) गिरीधर विमा कंपनीत क्लार्क होता, ऑफिसात त्याला फक्त टाइपरायटरची माहिती होती. तरी तो एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेला आणि मागच्या बाजूला पिवळं भोक असलेलं एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. व्हीसीआरची चित्राची वायर त्या पिवळ्या भोकात, आवाजाची वायर साउंड कार्डाच्या भोकात, इतकं सोपं होतं म्हणे.

"फक्त रेकॉर्डिंग चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरा ताण नको," दुकानदाराने बजावलं. "नाहीतर मधली मधली चित्रं गळतात."

हे गिरीधरने फारच मनावर घेतलं. अक्काच्या आजारपणात डॉक्टरही हेच म्हणाले होते, की पेशंटला ताण नको. तेव्हा ते जमलं नव्हतं. (भेटायला येणाऱ्यांना अक्का स्वतःच फोन करून बोलावत होती.) निदान कॉम्प्युटरच्या बाबतीत तरी हयगय होऊ द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. डिस्कवर जागा हवी म्हणून सुखदाचे गेम पुसले, तिने काढलेली चित्रं पुसली. विजेचा दाब कमी पडू नये म्हणून पंखा बंद केला. आणि आवाज बाहेर काढायलाही कॉम्प्युटरला कष्ट पडत असतीलच, म्हणून स्पीकरची वायर उपटून ठेवली.

"अप्पा, मग आवाज येतोय का नाही ते कसं कळणार?" सुखदाने विचारलं.

"वायर लावली आहे ना? मग येणारच. नळाला पाइप लावला की पाणी येतं की नाही?"

"आपल्याकडे नाही येत," वाणी म्हणाली.

रविवारी दुपारी तिघं कॉम्प्युटरपुढे बसली. टेबलावर कॉम्प्युटरबरोबर फुकट मिळालेला माइक मान वाकडी करून उभा होता. गिरीधरने देवाला नमस्कार करून कॅसेट सुरू केली. पडद्यावर काडेपेटीएवढ्या चौकटीत, मुंग्यांच्या वारुळातून आल्यासारखी, निळं पातळ नेसलेली अक्का दिसायला लागली. तिचे ओठ हलत होते. शेवटी डिस्क भरली आणि काम आपोआप थांबलं, पण तोवर बहुतेक मंगलाष्टकं झाली होती. (त्या वेळात खोलीत काय काय बोलणं झालं ते पुढे कळेलच. सगळ्यांनाच कळलं.)

मग गिरीधरने कॅसेट मागे गुंडाळायला लावली. व्हीसीआरमधून कर्र कर्र ऐकू आलं आणि झाकणातून फीत शेवयांसारखी बाहेर आली. ओढली तशी तुटली.

"असू दे," गिरीधर शांतपणे म्हणाला. "अक्का आता कॉम्प्युटरमध्ये आहे."

"स्पीकर लावून ऐकून बघू या ना, अप्पा."

"मुळीच नाही. पहिल्यांदा भावोजींनी ऐकायचं. नैवेद्य काय आपण आधी चाखून बघतो?"

"मीठ पडलंय का ते मी वासावरून ओळखते," वाणी म्हणाली. "तुम्हाला येतं का तसं?"

पण गिरीधर ऐकेना. त्या विचाराने त्याचं त्यालाच भरून आलं होतं, आणि भरून आलं की तो कुणाचं ऐकत नसे.

वर्षश्राद्धाच्या सकाळी कॉम्प्युटर रिक्षातून येलहंक्याला निघाला. मॉनिटर गिरीधरच्या मांडीवर, मोठा डबा वाणीच्या, वायरी सुखदाच्या गळ्यात. ब्राह्मण जेवून गेले, घरच्यांची पानं उठली. नरसिंगरावांचे चुलतभाऊ हंबीरराव खिरीची वाटी हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत आले. नरसिंगरावांनी खुर्ची अगदी पडद्याजवळ ओढली, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

"एवढीशी दिसते रे," ते म्हणाले.

"चित्र लहान आहे भावोजी, पण आवाज पूर्ण आहे." गिरीधरने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पडद्यावर अक्का पुढे झाली. तिने हात जोडले, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"कुणी हलू नका!" अक्का गिरीधरच्या आवाजात म्हणाली.

खोलीत कुणीच हललं नाही.

"हलत नाहीये. घाम पुसतेय," अक्काने वाणीच्या आवाजात उत्तर दिलं. "पंखा बंद केलाय ना तुम्ही." मग भक्तिभावाने डोळे मिटून, मान किंचित वर करून, अक्काने प्रेशर कुकरची एक लांबलचक शिट्टी दिली.

गिरीधर आवाज बंद करायला धावला. त्याने बटण फिरवलं, पण घाईत ते मॉनिटरच्या रंगाचं निघालं आणि चित्र हिरवं झालं. हिरवी अक्का वाणीच्या आवाजात बोलतच होती. "हे हंबीरराव बघा. अक्षता हातातच, आणि नजर पंगतीकडे." हंबीररावांचा चमचा वाटीत थांबला.

"अजून किती कडवी आहेत?" हा पुन्हा गिरीधर. "डिस्क भरत आली!"

"मंगलाष्टकं आहेत. आठ तरी म्हणणारच."

"आठ? मेलो! आटप गं अक्का. आटप की! पुरे आता, बाई, पुरे! गप्प बस! गप्प बस म्हणतो ना!"

आणि तोंड उघडं ठेवूनच अक्का थांबली.

सुखदा पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, हा सगळा माइकचा आवाज आहे. तुमची वायर बरोबर होती, पण आवाज कुठून घ्यायचा तिथे खूण माइकवरच राहिली होती."

"मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"मी म्हटलं होतं, ऐकून बघू या."

"मूळ कॅसेट?" नरसिंगरावांनी विचारलं.

गिरीधरने वाणीकडे पाहिलं. "व्हीसीआरने खाल्ली," वाणीनेच सांगितलं.

म्हणजे आता अक्काचा आवाज जगात कुठेच नव्हता. कपाटावर बुरशी खात पडला होता तेव्हा निदान होता तरी. गिरीधर खाली बसला आणि कारण नसताना वायरी गुंडाळायला लागला.

"थांब. पुन्हा लाव," नरसिंगराव म्हणाले.

त्याने पुन्हा लावलं. मग त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. दर वेळी ते अक्काच्या ओठांकडे बघत होते आणि दर वेळी शेवटच्या ओरडण्याला त्यांचे खांदे हलत होते. ते रडताहेत असं वाटून वाणी पाणी आणायला उठली. पण नरसिंगराव हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसत होते.

"गिरी," ते म्हणाले, "अख्ख्या संसारात हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. तू ते सरळ तोंडावर बोललास. आणि ती थांबली रे! तुझं ऐकून थांबली!"

आता हंबीररावही हसले, वाटी खाली ठेवून हसले. खोलीत वर्षभरात पहिल्यांदा एवढा आवाज झाला. गिरीधरच्या जिवात जीव आला. तो जवळ सरकला.

"भावोजी, रागावला नाहीत ना?"

"छे रे. उलट माझी अडचण मिटली." नरसिंगरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू हळूहळू ओसरलं. पडद्यावर अक्का तोंड उघडून तशीच उभी होती. "आजवर तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला की आवाज आठवायचा नाही. आता जन्मभर आठवेल."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि गिरीधरकडे पाहिलं.

"तुझा."