मुकादमचाचांची रशियन पिस्तुलं

मुकादमचाचा कोणतंही मॅगझिन हातात घेतलं की आधी त्यालाच विचारायचे, "कुणाचं रे तू?" गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात ना, अगदी तसं. मग डोळे मिटून त्याच्या बुडावरून अंगठा फिरवायचे, आतली स्प्रिंग दाबून कानाशी धरायचे आणि उत्तर मिळाल्यासारखी मान डोलवायचे.

मॅगझिन म्हणजे वाचायचं नव्हे. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची पत्र्याची डबी. मलाही हे आखातात, अल ऐनला आल्यावरच कळलं. मी जतकडचा, घरातला पहिला पदवीधर. बी.कॉम.च्या जोरावर तिथल्या एका नेमबाजी क्लबात अकाउंट्सला लागलो, तोवर विळा आणि कुऱ्हाड यापलीकडे मी हत्यार पाहिलं नव्हतं. चाचा त्या क्लबाचे आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. मूळचे दापोलीकडचे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "काय ग्रॅज्युएट, जेवलास का?" पहिल्या महिन्यात हा प्रश्न मला विचारणारं तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

सोव्हिएत देश मोडला आणि त्यांच्या फौजेची जुनी पिस्तुलं विकायला निघाली. आमच्या क्लबाने त्यातला एक लॉट घेतला. पिस्तुलं एका पेटीत आली, मॅगझिनं दुसऱ्या पेटीत, सगळी सरमिसळ. दिसायला सारखीच, पण एकाचं दुसऱ्यात घातलं की अडकायचं, नाहीतर ऐन नेम धरताना खाली गळून पडायचं.

नव्या पिस्तूल-रेंजचं उद्घाटन तोंडावर आलेलं. मॅनेजर कुरियनसाहेब वैतागले. "मुकादम, ओपनिंग से पहले एक एक पिस्तौल चलना चाहिए. सब चला, तो तुम्हारा फॅमिली क्वार्टर मैं पास करवाता हूँ."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले. पण हातातलं फडकं खाली पडलं ते त्यांना कळलंही नाही. चाचांचा पगार बायकोचा व्हिसा काढण्याइतका नव्हता. जुबेदाचाची लग्नापासून गावी, आणि चाचा दर दोन वर्षांनी सुट्टीला जाणारे पाहुणे. क्लबाचं क्वार्टर मिळालं तर व्हिसाही क्लबच करणार होता.

मग चाचांनी जे काम मांडलं, ते बघायला मी जेवणाची सुट्टी तिथेच काढू लागलो. "रशियन माणूस पिस्तुलाचा नंबर मॅगझिनच्या बुडावर ठोकतो. बापाचं नाव पोराला," ते समजावायचे. नंबर पुसला असेल तर पत्र्याचा रंग बघायचे, जोड चाचपायचे, ग्रीस हुंगायचे. "हे पोलंडचं. हे चिनी. गुणी आहे, पण पाहुणं." पाहुण्यांना ते कानस लावून पिस्तुलाच्या मापाचं करत. अस्सल रशियन मॅगझिनला मात्र कानस लावायची नाही, हा त्यांचा नियम. "त्याला घासणं म्हणजे पोराचं आडनाव खोडणं!"

अबू खलिफा नावाचे आमचे एक अमिराती सभासद होते. त्यांनी एकदा गंमत म्हणून स्वतःचं रशियन मॅगझिन गुपचूप ढिगात टाकलं. चाचांनी ते उचललं, नाकाशी नेलं आणि अरबीत म्हणाले, "यल्ला हबीबी, हे घरी न्या. तुमच्या कपाटातल्या ऊदाचा वास येतोय." अबू खलिफा हसता हसता खुर्चीवरून घसरले.  

ओपनिंगच्या आदल्या दिवशी एकच पिस्तूल उरलं. त्याचं मॅगझिन कशातच सापडेना. पाहुणी सगळी संपली होती. पेटीत उरलं होतं एक अस्सल रशियन, पण ते त्या पिस्तुलात पूर्ण बसेना.

"घिसो और खलास करो!" कुरियनसाहेब दारातून ओरडले.

चाचा ते हातात धरून नुसते बसून राहिले. न राहवून मी म्हणालो, "चाचा, हट्ट सोडा. क्वार्टर जाईल."

"गप रे. त्याच्याशी बोलतोय मी."

बऱ्याच वेळाने त्यांनी ते उलटं करून मला दाखवलं. बुडावरचा नंबर आडवी रेघ मारून खोडलेला, आणि शेजारी दुसराच ठोकलेला. "बघ ग्रॅज्युएट, खुद्द रशियनांनीच याला एकदा दुसऱ्या घरी दिलंय. एकदा रुळलंय. पुन्हा रुळेल." मग "माफ कर बाबा" म्हणत त्यांनी कानस इतकी हलकी फिरवली, की तिचा आवाजही आला नाही. लावून बघ, पुन्हा घास, पुन्हा लाव. शेवटी खट्‌ असा स्वच्छ आवाज आला आणि चाचांनी डोळे पुसले. ग्रीस गेलं म्हणाले.

ओपनिंगला सगळी पिस्तुलं चालली. कुरियनसाहेबांनी शब्द पाळला.

चाची यायच्या आदल्या संध्याकाळी चाचा आमच्याकडे आले. तोवर माझं लग्न होऊन शैला इकडे आली होती. चाचा बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत म्हणाले, "शैला बेटी, एक विचारू? बायका चहात साखर किती घेतात?"

"ज्याची त्याची आवड, चाचा. चाची किती घेतात?"

 "तेच माहीत नाही गं. घर माणसांनी भरलेलं. मी ओटीवर बसायचो, चहा आतून यायचा. ती आत कधी प्यायची, काय प्यायची... आम्ही दोघांनी बसून चहा असा घेतलाच नाही कधी."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. 

चाची आल्या. दोन दिवसांनी चाचा क्लबात आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी हळूच विचारलं, "काय चाचा, साखरेचं काय झालं?"

"दोन कप केले. एक गोड, एक फिका. दोन्ही तिच्यापुढे ठेवले."

"मग? कुठला घेतला?"

"दोन्ही प्यायली," चाचा म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून."

"म्हणजे अजून कळलं नाहीच तुम्हाला."

"कळेल रे," चाचा म्हणाले. "आता काय, रोजचाच चहा आहे."